पाच गळे आणि नोंदणीतली दोन नावं

जानेवारी १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या 'जी रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीने 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' नावाचं गाणं बाजारात आणलं. गाणारी पाच मुलं मॅनहॅटनच्या उत्तर टोकाकडची, हार्लेम आणि वॉशिंग्टन हाइट्सच्या वस्तीतली, वयं १३ ते १५. गटाचं नाव टीनेजर्स. काही आठवड्यांत गाणं अमेरिकेतल्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीताच्या, यादीत पहिलं आलं, पॉपच्या मोठ्या यादीत सहावं. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये ते तीन आठवडे पहिल्या जागेवर होतं.

चाळीस वर्षांनंतर, १९९६ मध्ये, न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने त्या पाचांपैकी हयात असलेल्या दोघांचा दावा मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला. हे दोघे गाण्याचे सहकर्ते आहेत असा कौल ज्युरीने आधीच दिला होता. तरीही गाणं त्यांच्या नावावर झालं नाही.

आज 'डू-वॉप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्लीतल्या गायनगटांचा इतिहास सांगताना बहुतेक जण आवाजांबद्दल बोलतात. ते योग्यच आहे, कारण सत्तर वर्षांनंतरही ते आवाज अंगावर काटा आणतात. मला मात्र या एका गाण्याचं प्रकरण कागदाच्या बाजूने मांडायचं आहे. 'लबाड कंपनीवाल्याने गरीब पोरांना फसवलं' एवढ्यावर ही गोष्ट सहसा थांबवली जाते. फसवणूक झालीच. पण पाच जणांनी मिळून, तोंडी, जिन्यात उभं राहून रचलेलं संगीत कोणाचं, हे नोंदवायची सोयच तेव्हाच्या कायद्यात आणि धंद्यात नव्हती. फसवणाऱ्याला ती फट आयती मिळाली.

जिन्यातलं संगीत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडच्या राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं न्यूयॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर अशा शहरांत आली. त्यांच्याबरोबर चर्चमधलं चौघापाचांनी मिळून गायचं गाणं आलं. घरच्या रेडिओवर मिल्स ब्रदर्स आणि इंक स्पॉट्स हे नावाजलेले गायनगट ऐकू येत. १९४८ मध्ये बाल्टिमोरच्या ओरिओल्सनी 'इट्स टू सून टू नो' गायलं. ते लिहिलं होतं डेबोरा चेसलर या तरुणीने, आणि गटाची व्यवस्थाही तीच बघत होती. मुख्य गायक सनी टिल हळवा, जरा कापऱ्या आवाजात गायचा. इंक स्पॉट्स म्हणजे सूट घातलेले मुरलेले कलावंत. ओरिओल्स ऐकताना शेजारची पोरं गातायत असं वाटायचं, आणि मग खरोखरच्या शेजारच्या पोरांना हे आपल्यालाही जमेल असं वाटू लागलं.

पाच वर्षांत न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जवळजवळ प्रत्येक कोपऱ्याचा आपला गट झाला. हार्लेमच्या क्रोज या गटाचं 'जी' हे गाणं १९५३ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन पुढच्या वर्षी देशभर गाजलं. ब्राँक्सच्या कॉर्ड्सचं 'श-बूम' १९५४ मध्ये आलं. कॅडिलॅक्स, हार्पटोन्स, व्हॅलेंटाइन्स ही सगळी नावं याच दोन-तीन वर्षांतली. वाद्यं विकत घ्यायला आणि शिकवणी लावायला घरी पैसे नव्हते, म्हणून पाच गळ्यांनीच सगळा वाद्यवृंद उभा केला. मुख्य गायक शब्द गाणार. पहिला टेनर, दुसरा टेनर (दोघेही उंच पट्टीचे) आणि बॅरिटोन (मधल्या पट्टीचा) हे तिघं मागून सुरांची भिंत उभी करणार. खर्जातला बास गायक डबल बासचं काम तोंडाने करणार. 'डूम-वॉप', 'शा-ना-ना' अशी निरर्थक वाटणारी अक्षरं या कामवाटपातून आली. ती अक्षरं म्हणजे तालवाद्य, ट्रम्पेट आणि बास यांच्या जागा आहेत, आणि कुठलं अक्षर कुठे पडलं की गाणं पुढे ढकललं जातं याची त्या पोरांना पक्की जाण होती.

तालीम कुठे? इमारतींच्या जिन्यात, भुयारी रेल्वेच्या स्थानकावर, गच्चीवर, शाळेच्या स्वच्छतागृहात. फरशीवरून आवाज परत येतो, आणि आपल्या गटात कोण बेसूर आहे हे लगेच कळतं. सुरावट बहुधा ठरलेली असायची: आपल्या स्वरनामांत सांगायचं तर सा, मग ध, मग म, मग प यांवर उभे राहणारे चार स्वरसमूह, पुन्हा पुन्हा. चौकट सगळ्यांना पाठ असल्यामुळे नवं गाणं रचायला लिहिता-वाचता येणारा संगीतकार लागत नसे. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती वळवायची, बास गायकाने सुरुवातीला काहीतरी घोळवायचं, आणि चार संध्याकाळींत गाणं तयार. मुख्य मुद्दा इथे आहे. या पद्धतीत 'गाणं कोणी लिहिलं' या प्रश्नाला एका नावाचं उत्तर बहुतेक वेळा नसतंच.

स्टिट शाळेतला गट

वॉशिंग्टन हाइट्सच्या १६४ व्या रस्त्यावरच्या एडवर्ड डब्ल्यू. स्टिट ज्युनिअर हायस्कूलमध्ये जिमी मर्चंट आणि शर्मन गार्न्स नववीत भेटले. दोघेही कृष्णवर्णीय. गार्न्स उंच, त्या वयातही आवाज खोल खर्जातला. त्यांना हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी ही पोर्तो रिकन कुटुंबांतली मुलं येऊन मिळाली. सँटियागो मुख्य गायक, मर्चंट दुसरा टेनर, नेग्रोनी बॅरिटोन, गार्न्स बास. गटाची नावं अधूनमधून बदलत राहिली. एके काळी ते कूप दे व्हिल्स होते, मग प्रीमियर्स.

कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलांचा एकत्र गट ही तेव्हा सरसकट दिसणारी गोष्ट नव्हती, पण या वस्तीत ती आपोआप घडली. संध्याकाळी एका खिडकीतून चर्चमधलं गॉस्पेल ऐकू यायचं, तर दुसरीतून मांबो हे लॅटिन नृत्यसंगीत. पाचवा मुलगा याच मिश्रणातून आला. फ्रँकी लायमनचा जन्म सप्टेंबर १९४२ चा. वडील ट्रकचालक, आई घरकाम करणारी. वडिलांच्या गॉस्पेल गटाच्या वातावरणात तो भावांबरोबर गात मोठा झाला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काम करायचा आणि मांबो वाजवणाऱ्या एका पोरांच्या बँडमध्येही होता. शाळेतल्या कलागुणांच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने त्याची आणि या चौघांची ओळख झाली. त्याचा आवाज अजून फुटला नव्हता. उंच पट्टीत तो मोकळा, काचेसारखा स्वच्छ लागायचा, आणि चालीशी खेळण्याची त्याची हिंमत वयाच्या कितीतरी पुढची होती.

गाण्याचं बीज एका चिठ्ठीत होतं. गार्न्सच्या इमारतीतला एक शेजारी या मुलांचं गाणं ऐकायचा. रोज तीच ती दुसऱ्यांची गाणी गाता, स्वतःचं काहीतरी गा, असं म्हणून त्याने आपल्या मैत्रिणीने लिहिलेली काही प्रेमपत्रं त्यांना दिली. त्यातल्या एकात पक्षी इतक्या आनंदाने का गातात, असा प्रश्न होता. सँटियागो आणि मर्चंट यांनी पुढे सांगितलं ते असं: त्या ओळीवरून आपण दोघांनी गाणं रचायला घेतलं, सँटियागो ते मुख्य गायक म्हणून गात होता, आणि लायमन आल्यावर त्याने चालीत स्वतःची वळणं घातली. या हकिगतीत पहिली लेखिका म्हणजे ती पत्र लिहिणारी मुलगी. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

गोल्डनरच्या दारात

व्हॅलेंटाइन्सचा गायक रिचर्ड बॅरेट याच भागातला. नव्या गटांना हेरण्याची त्याची नजर जबरदस्त होती. पुढे ब्राँक्सच्या शाळकरी मुलींचा शँटेल्स हा गटही त्यानेच पुढे आणला. टीनेजर्सना तो जॉर्ज गोल्डनरकडे घेऊन गेला.

गोल्डनरबद्दल न्यायाने लिहायला हवं. हा गृहस्थ लॅटिन नृत्यसंगीताचा वेडा. १९४८ मध्ये त्याने मांबोसाठी टिको ही कंपनी काढली, मग गल्लीतल्या गटांसाठी रामा. रामावर क्रोजचं 'जी' चाललं, म्हणून त्या गाण्याच्याच नावाने 'जी' ही दुसरी कंपनी काढली. कोवळ्या आवाजांतलं हिट गाणं ओळखण्याचा त्याचा कान खरा होता. शँटेल्स, लिटल अँथनी अँड द इम्पीरियल्स हे सगळे त्याच्याकडूनच पुढे आले. घोड्यांच्या शर्यतींवर तो अतोनात पैसे लावायचा, आणि त्या व्यसनाचे परिणाम या प्रकरणात पुढे येतात.

चाचणीच्या दिवशी नेमकं काय झालं यावर गटातल्याच लोकांच्या आठवणी जुळत नाहीत. सँटियागोचा घसा बसला होता असं एक म्हणणं. गोल्डनरला लायमनचाच आवाज पुढे हवा होता असं दुसरं. परिणाम एकच. सँटियागो मागे गेला आणि १३ वर्षांचा लायमन माइकपुढे आला. एक ऐकणारा म्हणून मला वाटतं, निर्णय बरोबर होता. १९५५ च्या अखेरीस बेल साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. सुरुवात गार्न्सच्या खर्जातल्या अक्षरांनी होते, मग बाकीचे आत येतात, आणि लायमनचा आवाज असा काही वर जातो की मधला जिमी राइटचा सॅक्सोफोन जमिनीवर आणण्यापुरताच आहे की काय असं वाटतं. 'टीनेजर्स' हे नावही राइटनेच सुचवलं असं सांगतात.

आता एक साधा प्रश्न. गार्न्सचा तो सुरुवातीचा तुकडा काढून टाकला तर हे गाणं ओळखू येईल का? मला वाटतं, निम्मं येईल. तो तुकडा कोणाची रचना? गार्न्सची. मागच्या सुरांची भिंत? नेग्रोनी, मर्चंट, सँटियागो. चालीतली वळणं? लायमन. मूळ कल्पना आणि शब्द? सँटियागो, मर्चंट, आणि त्या पत्रातली ओळ. कायद्याच्या दृष्टीने मात्र गाणं म्हणजे शब्द आणि मुख्य चाल. बाकी सगळी 'मांडणी', आणि मांडणीला वाटा नाही.

दोन सेंट

इथे थोडं धंद्याचं गणित समजून घ्यावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने ठरवलेला दर असा होता: विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे प्रत्येक गाण्यासाठी दोन सेंट, आणि हा दर १९७८ पर्यंत तसाच राहिला. हे पैसे गाणाऱ्याचे नाहीत. गाणं ज्यांच्या मालकीचं त्यांचे. सर्वसाधारणपणे निम्मे प्रकाशकाला, निम्मे गीत-संगीतकाराला. गायकाचा करार वेगळा, आणि त्यातून स्टुडिओचा, वादकांचा, प्रवासाचा खर्च वळता होत असे. शाळकरी गटाच्या हाती त्यातून किती उरायचं याचा अंदाज वाचकाने करावा.

दुसऱ्या कोणी तेच गाणं गायलं की मूळ गायकांना काहीही मिळत नसे, पण लेखकाला मिळे. १९५० च्या दशकात हे फार महत्त्वाचं होतं. कृष्णवर्णीय गटाचं गाणं वर जायला लागलं की मोठ्या कंपन्या गोऱ्या गायकांकडून ते पुन्हा गाऊन घेत. कॉर्ड्सच्या 'श-बूम'चं क्रू-कट्स या गोऱ्या गटाने जे केलं तेच इथे घडलं. १९५६ मध्येच या गाण्याच्या गेल स्टॉर्म आणि डायमंड्स यांच्या आवृत्त्या पॉपच्या यादीत आल्या, अनुक्रमे नवव्या आणि बाराव्या क्रमांकापर्यंत गेल्या. टीनेजर्सची मूळ तबकडी त्या दोघांच्याही वर राहिली, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. मुद्दा असा, की ही प्रत्येक विक्री लेखकाच्या नावाकडे पैसे पाठवत होती.

म्हणून लेखकाच्या जागी कोणाचं नाव छापलं जातं, यावर कंपनीवाल्यांचा डोळा असे. पहिल्या छपाईतल्या तबकड्यांवर लायमन, सँटियागो आणि गोल्डनर अशी तीन नावं होती. नोंदणीत आणि पुढच्या छपायांत उरली दोन: लायमन आणि गोल्डनर. हे गोल्डनरचं खास पाप नव्हतं. चक बेरीच्या 'मेबेलीन'वर आणि मूनग्लोज गटाच्या 'सिन्सिअरली'वर रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीडचं नाव सहलेखक म्हणून आहे. त्या काळच्या बाजारात हा मोबदला द्यायचा एक सरावाचा मार्ग होता: रोख पैशांऐवजी नाव.

पण सँटियागोचं नाव गळून कसं जाऊ शकलं? इथे कायद्यातली ती फट दिसते. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पियानोच्या छिद्रपट्टीच्या एका खटल्यात ठरवलं होतं की यंत्राने वाजणारी पट्टी ही संगीताची 'प्रत' नव्हे. प्रत म्हणजे डोळ्याने वाचता येईल असा कागद. त्यामुळे रचना नोंदवायची तर स्वरलिपीत उतरवलेला कागद लागायचा. तबकडी देऊन चालत नसे. आणि त्या तबकडीवरच्या ध्वनीला स्वतंत्र संघीय संरक्षण मिळालं थेट फेब्रुवारी १९७२ पासून. ज्यांना स्वरलिपी येत नाही, ज्यांचं सगळं संगीत कानाने आणि तोंडाने चालतं, त्यांच्या गाण्याचा कागद कोण करणार? प्रकाशक करणार. लेखकाच्या रकान्यात काय भरायचं तेही तोच ठरवणार. जिन्यातल्या पाच जणांपैकी एकाचाही हात त्या अर्जाला लागत नसे.

या पाचांत एकही सज्ञान नव्हता, हेही विसरू नये.

घसरण

यश दीड वर्ष टिकलं. 'आय वाँट यू टू बी माय गर्ल' गाजलं. चित्रपटात गाणं झालं, १९५७ मध्ये लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहापर्यंत दौरा झाला. तेवढ्यात गोल्डनरने लायमनला एकट्याने पुढे आणायचं ठरवलं. त्या वर्षीचं 'गुडी गुडी' गटाच्या नावाने विकलं गेलं, पण मागे गटातली मुलं नव्हती. लायमनशिवाय टीनेजर्सचं आणि टीनेजर्सशिवाय लायमनचं, दोन्हींचं काही जमलं नाही. लायमनचा आवाजही फुटला, आणि त्याबरोबर ज्या स्वरासाठी लोक वेडे झाले होते तो गेला. शेजारी चार गळ्यांचा आधार असता तर आवाज बदलण्याचा काळ त्याला निभावून नेता आला असता, असं मला मनापासून वाटतं. बास गायकाच्या खांद्यावर गाणं टाकून मुख्य गायकाने श्वास घ्यायचा, ही या प्रकारातली रीतच होती.

जुलै १९५७ मधला एक प्रसंग इथे नोंदवायला हवा. अ‍ॅलन फ्रीडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात लायमन प्रेक्षकांतल्या एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेतल्या केंद्रांनी गदारोळ केला आणि कार्यक्रम लवकरच बंद पडला. चौदा वर्षांच्या मुलाने नाचताना कोणाचा हात धरला यावरून देशभर जाणारा कार्यक्रम बंद होऊ शकतो, अशा बाजारात ही पोरं वाटाघाटी करणार होती.

लायमन किशोरवयातच हेरॉइनकडे वळला. उपचार, पुनरागमनाचे प्रयत्न, सैन्यातली भरती, सगळं झालं. २७ फेब्रुवारी १९६८ रोजी, तो जिथे वाढला त्या हार्लेममधल्या आजीच्या घरी तो मृतावस्थेत सापडला. वय २५. गार्न्स १९७७ मध्ये गेला, नेग्रोनी १९७८ मध्ये.

कागदांचा प्रवास मात्र चालू होता. शर्यतींच्या कर्जापायी गोल्डनरने आपल्या कंपन्या मॉरिस लेव्हीला विकल्या. लेव्ही म्हणजे बर्डलँड क्लब आणि रूलेट रेकॉर्ड्सचा मालक, न्यूयॉर्कच्या संगीत व्यवसायात ज्याची प्रचंड जरब होती असा माणूस. १९६० च्या दशकात गाण्यावरचं गोल्डनरचं नाव जाऊन तिथे लेव्हीचं नाव आलं. म्हणजे १९५५ मध्ये गाणं रचलं जात असताना ज्याचा त्याच्याशी कसलाही संबंध नव्हता, तो त्याचा लेखक झाला. मालकी विकत घेता येते हे मान्य. कर्तेपण विकत घेता येत नाही, आणि कागदावर ते घेतलं गेलं.

१९८१ नंतर

बरीच वर्षं या नावांकडे कोणी फारसं पाहिलं नाही. १९८१ मध्ये डायना रॉसने हे गाणं नव्याने गायलं. अमेरिकेत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये चौथ्या, आणि लेखकाच्या नावाने पुन्हा खरे पैसे वाहू लागले.

त्यात जुन्या कायद्याची आणखी एक तरतूद येऊन मिळाली. १९०९ च्या कायद्यानुसार हक्काची पहिली मुदत २८ वर्षांची. त्यानंतर नूतनीकरण करता येतं, आणि लेखक हयात नसेल तर नूतनीकरणाचा हक्क त्याच्या विधवेला किंवा मुलांना जातो. १९५६ मध्ये २८ मिळवले की १९८४. म्हणून लायमनची कायदेशीर पत्नी कोण, हा प्रश्न एकाएकी फार मोलाचा झाला. तीन स्त्रियांनी दावा केला: फिलाडेल्फियाची एलिझाबेथ वॉटर्स, प्लॅटर्स गटाची गायिका झोला टेलर, आणि १९६७ मध्ये जॉर्जियात त्याच्याशी लग्न केलेली शिक्षिका एमिरा ईगल. बरंच भांडण होऊन अखेर एमिरा ईगलचा दावा टिकला. वृत्तपत्रांनी आणि पुढे चित्रपटानेही तीन बायकांची गोष्ट चवीने सांगितली. त्या नादात मूळ प्रश्न पुन्हा बाजूला पडला: ज्याच्या वारशावर हे भांडण चाललंय, त्या गाण्यात आणखी कोणाचा वाटा होता?

तो प्रश्न घेऊन सँटियागो आणि मर्चंट १९८७ मध्ये न्यायालयात गेले. पुढच्याच वर्षी लेव्ही खंडणीच्या कटाच्या एका वेगळ्या खटल्यात दोषी ठरला आणि १९९० मध्ये, तुरुंगात जाण्यापूर्वी, वारला.

१९९२ च्या अखेरीस ज्युरीचा कौल आला: लायमनबरोबर सँटियागो आणि मर्चंट हेही गाण्याचे कर्ते. ज्यांनी पुरावे पाहिले, साक्षी ऐकल्या, त्यांनी ३७ वर्षांनी जिन्यातलं खरं मानलं. १९९३ मध्ये 'फ्रँकी लायमन अँड द टीनेजर्स' हा गट रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्येही गेला.

१९९६ मध्ये अपील न्यायालयाने कौल उलटवला. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. आपण सहकर्ते आहोत आणि तो हक्क आपल्याला नाकारला जातोय, हे या दोघांना १९८७ च्या कितीतरी आधी ठाऊक होतं. तेव्हा सहमालकी जाहीर करून मागण्याचा दावाच मुदतबाह्य, असं न्यायालय म्हणालं. ज्युरीने ठरवलेली वस्तुस्थिती चुकीची आहे, असं त्यात म्हटलेलं नाही. गाण्याच्या नोंदीत नावं राहिली लायमन आणि लेव्ही.

मुदतीच्या नियमामागचा विचार मला पटतो. गाण्याचे हक्क विकत घेणाऱ्याला तीस वर्षांनी नवा सहमालक दारात यायला नको. साक्षीदार मरतात, आठवणी बदलतात, आणि या प्रकरणात तर एका चाचणीच्या दिवसाच्या दोन-तीन आवृत्त्या आहेत. पण तो नियम गृहीत काय धरतो ते पाहा. ज्याचा हक्क गेला त्याला तो गेल्याचं कळतं, त्याची किंमत कळते, वकील परवडतो आणि समोरच्याची भीती वाटत नाही, हे सगळं तीन वर्षांत. १५ वर्षांच्या मर्चंटला किंवा १४ वर्षांच्या सँटियागोला यातलं काय लागू होतं? आणि समोर लेव्ही असताना मोठेपणी तरी किती?

यात लायमनला खलनायक करायचा मोह होतो, तो टाळायला हवा. नोंदणीच्या वेळी तो १३ वर्षांचा होता. ज्या गाण्यावर त्याचं नाव कायम राहिलं त्याने त्यालाही वाचवलं नाही. ब्राँक्समधल्या त्याच्या कबरीवर कितीतरी वर्षं दगडसुद्धा नव्हता.

या गटाने मागे काय ठेवलं ते मात्र कुठल्याही रकान्यात मावणारं नाही. रॉनी स्पेक्टर लायमनचा आवाज ऐकून गायिका झाल्याचं सांगायची. पुढे असा कोवळा मुख्य गायक समोर आणि मागे भरदार साथ ही रचना जॅक्सन फाइव्हच्या रूपाने सगळ्या जगाने ऐकली. लायमनचा भाऊ लुई यानेही टीनकॉर्ड्स नावाचा गट काढला. १९५६ नंतरच्या एक-दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या कंपन्यांनी उंच पट्टीत गाणाऱ्या कितीतरी मुलांना शोधून काढलं. त्यांतल्या बहुतेक गटांच्या एक-दोन तबकड्या आल्या आणि ते पुन्हा आपापल्या कोपऱ्यावर गेले. त्यांच्या गाण्यांवरही लेखक म्हणून जी नावं छापली आहेत ती वाचताना मी आता थांबतो.

१९९६ चा तो निकाल अमेरिकेच्या कायद्यात 'मर्चंट विरुद्ध लेव्ही' या नावाने ओळखला जातो. सहमालकीचे वाद उभे राहिले की न्यूयॉर्कमधली न्यायालयं त्याचा वारंवार आधार घेतात, बहुतेक वेळा उशिरा आलेल्या सहलेखकाला परत पाठवण्यासाठी.